नवव्या फेरीच्या आधी

३ फेब्रुवारी

दाजी,

पत्राच्या सुरुवातीला 'तीर्थरूप' लिहिलं की तुम्ही म्हणायचात, मला एवढ्यात भिंतीवर लावू नकोस. म्हणून नुसतंच दाजी. नऊ वर्षांनी लिहितोय, अक्षराकडे दुर्लक्ष करा.

लिहायचं कारण तसं साधं आहे. मी या महिनाअखेरीला निवृत्त होतोय. शाळेची प्रयोगशाळा पुढच्या माणसाच्या ताब्यात द्यायची म्हणून कपाटं आवरायला घेतली. एकतीस वर्षांत मी किती बाटल्यांना लेबलं लावली असतील याचा हिशेब नाही, पण त्यातल्या निम्म्या बाटल्यांत आता काय आहे हे मलाही सांगता येत नाही. तिसऱ्या कपाटात, फुटक्या लोलकांच्या खोक्याखाली, आपली वायर सापडली. चाचणीची. दोन पदरी, दीड हात लांब, दोन्ही टोकांना सोनेरी पिना, आणि ताईने नखांच्या पांढऱ्या रंगाने बाण काढून दिलेली ती प्लास्टिकची कडी. कडी अजून वायरवर बसलेली आहे. हवी असेल तर कळवा, पार्सल करतो. नको असेल तरी कळवा, कारण भंगाराच्या यादीत ती कोणत्या रकान्यात लिहायची हे मला कळत नाहीये.

दुसरं म्हणजे ताईचा फोन आला होता. कारखान्याने तुम्हाला बोलावलंय म्हणाली. आठवड्यातून दोन दिवस यायचं आणि नव्या फिटरना यंत्राचा नुसता आवाज ऐकून दोष ओळखायला शिकवायचं. जुन्या साहेबांपैकी कुणीतरी तुमची आठवण काढली म्हणे. आणि तुम्ही 'नाही' कळवणार आहात. अठ्ठावीस तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, तोवरही थांबायची तुमची तयारी नाही. तिने कारण विचारलं तर म्हणालात, "ज्याचे कान चारचौघांत खोटे ठरले, त्याने काय शिकवायचं?"

ताई म्हणाली, "तू लिही ना त्यांना. त्या दिवशी पडद्यामागे तूच तर होतास. तुझं ऐकतील."

मी म्हटलं, लिहितो.

तर दाजी, वीसपैकी आठ म्हणजे काही जगबुडी नाही. पडद्यामागे सगळं व्यवस्थित झालं होतं, अगदी नियमाप्रमाणे, त्याबद्दल शंका नको. पण एका सकाळच्या निकालावरून माणसाने आयुष्यभराची विद्या माळ्यावर टाकू नये असं मला वाटतं. तुम्ही शिकवायला जावं. तब्येतीला जपा.

आपला,
मेहुणा

११ फेब्रुवारी

दाजी,

ताईकडून कळलं, पत्र मिळालं, तुम्ही वाचलंत, घडी घातलीत आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवलंत. तिने फोनवर मला तुमच्या खोलीतला पंखा ऐकवला. "बघ, आठ दिवस झाले कुरकुरतोय. आणि हे म्हणतात, कुरकुरतोय की नाही ते मला काय कळणार, मिस्त्रीला बोलाव." दाजी, हे तुम्ही म्हणालात? आमचा जिना चढता चढता, दार उघडायच्या आधीच, "मिक्सरचं बेअरिंग गेलंय गं" म्हणून ओरडणारे तुम्ही?

त्यानंतर मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. म्हणून मागच्या पत्रात जे लिहायला हवं होतं ते आज लिहितो. प्रयोगवहीची सवय आहे, ओळीने लिहू द्या. तुम्हाला माहीत असलेलंही मधे येईल.

तुमचं म्हणणं असं होतं की प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या वायरला दिशा असते. एका बाजूने लावली तर आवाज मोकळा येतो, तीच उलटी लावली तर कोंदट. श्रोते मंडळात दर रविवारी यावरून जुंपायची. एके दिवशी दाताच्या डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "तोंडाची वाफ पुरे. चाचणी घेऊ." जागा ठरली वाचनालयाची वरची खोली. मधे हिरवा पडदा, पुढे स्पीकर, तुम्ही पडद्याकडे पाठ करून खुर्चीत. बासरीचा एकच तुकडा वीस वेळा वाजवायचा. कधी वायर सुलट लावायची, कधी उलट. क्रम डॉक्टरांनी घरी नाणं उडवून ठरवला आणि पाकिटात बंद करून आणला. तुम्ही दर वेळी एवढंच सांगायचं, सुलट की उलट.

पडद्यामागे वायर फिरवायला कोण? तर ज्याला सुरातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून जो चुकूनही इशारा देऊ शकणार नाही, असा माणूस हवा. सगळ्यांनी एकमताने माझ्याकडे बघितलं. बहिरोबा हे नाव तुम्हीच मला लग्नाच्या पंगतीत दिलं होतं. त्या दिवशी तेच माझं प्रमाणपत्र झालं.

वायरसुद्धा तटस्थ हाताने केलेली हवी असा डॉक्टरांचा हट्ट होता. म्हणजे परत मीच, शाळेतलं सोल्डरिंगचं आयर्न घेऊन. तुम्ही मला समोर बसवून समजावलं होतंत की आतल्या तारांभोवती तांब्याची बारीक जाळी असते, ती बाहेरची घरघर अडवते, आणि ती दोन्ही टोकांना नीट सोल्डर करायची. "दोन्ही टोकांना, बहिरोबा. विसरू नकोस." तीनदा सांगितलंत.

मी विसरलो नाही. मी एका टोकाची जाळी जोडली. दुसऱ्या टोकाला तापलेलं आयर्न जरा जास्त वेळ टेकलं आणि पिनेतलं प्लास्टिक वितळायला लागलं. तेवढ्यात शाळेची घंटा झाली. नवीन पिना आणायच्या तर तुम्हाला सांगावं लागणार, आणि तुम्ही पिना मोजून दिल्या होत्या. मी त्या टोकाची जाळी कात्रीने कापली, आत दाबली आणि वर झाकण फिरवून टाकलं. बाहेरून दोन्ही टोकं अगदी सारखी. तुम्हाला वायर दिली तेव्हा तुम्ही पाठ थोपटलीत. "मेहुण्याच्या हातात कला आहे," असं ताईला सांगितलंत.

मग तुम्ही ती वायर आठवडाभर घरी दोन्ही बाजूंनी लावून ऐकलीत, सुलट बाजू ठरवलीत आणि त्याप्रमाणे बाणाची कडी बसवलीत. म्हणालात, उलटी लावली की बासरीच्या मागे कोणीतरी श्वास धरून बसलंय असं वाटतं. डॉक्टर हसले. मीही हसलो.

परवा मी झाकण उघडलं. कापलेली जाळी तशीच होती, काळी पडलेली. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना दाखवली. बाई हुशार आहेत आणि फटकळही आहेत. म्हणाल्या, "हे कोणी केलं?" मी म्हटलं, जुनं आहे. मग त्यांनीच समजावलं की जाळी एकाच टोकाला जोडली की वायर दोन्ही बाजूंनी सारखी राहत नाही. एका बाजूने लावली तर ती घरघर अडवते, दुसऱ्या बाजूने लावली तर थोडी आत येऊ देते. अगदी थोडी. आम्ही प्रयोगशाळेतच लावून बघितलं. एका बाजूने काही नाही. दुसऱ्या बाजूने, आवाज पूर्ण वाढवून स्पीकरला कान चिकटवला तेव्हा, मला, बहिरोबाला, बारीक घुं ऐकू आलं. बाईंनी मग माझ्याकडून दुसरी वायर करून घेतली, दोन्ही टोकांची जाळी जोडून, समोर उभं राहून. तिच्यात या बाजूने नाही आणि त्या बाजूनेही नाही. आम्ही तासभर उलटसुलट करत बसलो, फरक शून्य.

म्हणजे दाजी, वायरला दिशा असते हे तुमचं म्हणणं काही खरं नव्हतं. दिशा माझ्या आळसाने आली होती. पण तुम्हाला जे ऐकू येत होतं ते खरंच तिथे होतं, आणि मला ज्यासाठी स्पीकरला गाल घासावा लागला ते तुम्ही खुर्चीत बसून ऐकत होतात. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मला फार लाज वाटते. क्षमा करा.

मग निकाल आठच कसा, असं बाईंनीही विचारलं. मी म्हटलं, आदल्या दिवशी त्यांनी दुहेरी पाळी केली होती, दमले असतील, आणि इतक्या लोकांसमोर माणूस गडबडतोच. तसंच झालं असणार. नाही का?

आता तरी कारखान्याला होकार कळवा.

तुमचा,
मेहुणा

१८ फेब्रुवारी

दाजी,

तुमचं कार्ड आज मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, खिळ्याने कोरल्यासारखं. फार बरं वाटलं.

पण तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात. मी त्या परत इथे उतरवतो, नीट वाचल्या की नाही ते कळायला: "जाळीचं कळलं. एकच विचारतो, नवव्या फेरीच्या आधी पडद्यामागे फरशीवर काही पडलं होतं का, हलकं, प्लास्टिकचं? मला ऐकू आल्यासारखं वाटलं होतं."

आता नऊ वर्षांपूर्वीचं इतकं बारीक कसं आठवणार, सांगा. पडद्यामागे टेबल होतं, पाकीट होतं, माझी पेन्सिल होती. पेन्सिल पडली असेल. पेन्सिल काही प्लास्टिकची नसते हे मला कळतं. टोपण असेल. शिवाय खालच्या मजल्यावर वाचनालयाचा शिपाई दिवसभर काही ना काही आपटतच असायचा. तुम्ही या गोष्टीत फार जीव घालू नका. मुद्दा जाळीचा आहे आणि तो मी कबूल केला आहे.

वायर पार्सल करू का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

घाईत लिहितोय. निवृत्तीचे कागद आहेत, सह्या आहेत.

मेहुणा

२१ फेब्रुवारी, रविवार

दाजी,

परवाचं पत्र टाकलं आणि पेटीच्या फटीतून हात घालून ते परत काढता येईल का बघत उभा राहिलो. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, काका, काही राहिलं का? मी म्हटलं, नाही. मला नाही म्हणायची आणि हो म्हणायची फार चांगली सवय आहे. आज सकाळी ती परत दिसली.

मी मंडळात गेलो होतो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. पेन्सिल, टोपण, शिपाई, असली सारवासारव तुम्हाला पाठवून घरात बसवेना एवढं खरं. तिथे तीन नवीन सभासद आले होते. दाताचे डॉक्टर त्यांना मंडळाचा इतिहास सांगत होते, आणि इतिहास म्हणजे तुम्ही. मला तोवर माहीत नव्हतं की ते प्रत्येक नवीन माणसाला हे सांगतात. "आमच्याकडे एक फिटर होते. वायरची दिशा ऐकू येते म्हणायचे. वीसपैकी किती? आठ! डोळे मिटून बोलले असते तरी दहा आले असते." मग तो जुना विनोद, जो त्यांनी त्या दिवशी तुमच्या तोंडावर केला होता, की कानाला कवळी बसवता येत असती तर मी फुकट बसवली असती. नवीन माणसं हसली. एकाने विचारलं, "पण चाचणी नीट झाली होती ना?" डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "विचारा की यांना. पडद्यामागे हेच होते."

मी म्हटलं, "हो, नीट झाली."

नऊ वर्षांपूर्वी जसं म्हटलं होतं तसंच. अडखळलोही नाही. खिशात तुमचं कार्ड होतं.

मी तिथून निघालो आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. तिथे सकाळच्या पेपरांचा गठ्ठा पडतो, त्याच्या शेजारी. आणि मग पहिल्यांदा स्वतःशी सगळं ओळीने बोललो. ते आता तुम्हाला लिहितो.

पहिल्या आठ फेऱ्या मी नीट केल्या. आठवी सुलट होती. नववीला पाकिटातल्या कागदावर 'उलट' लिहिलं होतं. मी दोन्ही टोकं उपसली आणि घाईत वायर कडीपाशीच धरून ओढली. कडी एका बाजूने चिरलेली, नुसती दाबून बसवलेली. ती निसटली, फरशीवर टिक् करून पडली आणि टेबलाखाली गेली. मी गुडघ्यांवर बसून ती हुडकली. आणि उठलो तर माझ्या हातात एका बाजूला कडी, दुसऱ्या बाजूला वायर, आणि वायरची दोन्ही टोकं अगदी सारखी. कोणतं टोक कुठलं हे मला कळेना. माझी पाचावर धारण बसली.

पडदा बाजूला करून "थांबा, माझ्या हातून घोटाळा झालाय" असं म्हणायचं होतं. फार तर दहा मिनिटं गेली असती. तुम्ही वायर परत एकदा ऐकून कडी बसवली असती. पण बाहेर तीस माणसं बसली होती आणि मला एवढ्यासाठीच निवडलं होतं की याला दुसरं काही जमत नसलं तरी सांगितलेलं काम तो चुकत नाही. बाहेरून डॉक्टरांनी हाक मारली, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." आणि अंदाजाने कडी बसवून टाकली.

त्या वेळी झाकण उघडून बघायचंही डोक्यात आलं होतं. आत एका टोकाची जाळी कापलेली आहे हे मला एकट्याला ठाऊक होतं. ती खूण तुम्हाला दाखवली असती तर बाण कुठे होता ते तुम्ही चुटकीसरशी सांगितलं असतं. पण मग ती कापली कोणी हा प्रश्न आला असता. म्हणजे पहिली चूक दडवायला मी दुसरी केली, आणि अकरा तारखेला तुम्हाला पहिली कबूल करून दाखवली ती दुसरी दडवायला. त्या पत्रात मी 'क्षमा करा' लिहिलं तेव्हा मला किती हलकं वाटलं होतं, दाजी. माझी मलाच किळस येते.

चाचणी संपल्यावर डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पडद्यामागे काही गडबड?" तुम्ही खुर्चीतून वळून माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. वाट बघत असल्यासारखं. मला आजपर्यंत वाटत होतं की तुम्ही निकालाने गोंधळला होतात. परवा तुमचं कार्ड वाचलं तेव्हा कळलं. तुम्ही ती टिक् ऐकली होती. पंचवीस फुटांवरून, पाठमोरे, बासरीनंतरच्या शांततेत. आणि मी छाती काढून म्हटलं, "सगळं व्यवस्थित."

त्याच संध्याकाळी मी घरी निकालाची प्रत काढून बसलो. पहिल्या आठ फेऱ्यांत तुमचे सात बरोबर. पुढच्या बारांत एक बरोबर आणि अकरा चूक. नुसते अंदाज करणाऱ्याचे बारात सहा यावेत, तुमचं एकच आलं. इतकं सलग चुकायलासुद्धा ऐकू यावं लागतं. कडी उलटी बसली होती. ती सुलट धरली तर तुमचे वीसपैकी अठरा. मला हे त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता कळलं. त्यानंतर पाचव्या दिवशी तुम्ही स्टोअरमध्ये बदली मागितलीत, ताई रडत माझ्याकडे आली, आणि मी तिला म्हटलं, "त्यांचं वय झालं, होतं असं."

अजून एक राहिलं. बाईंबरोबर प्रयोगशाळेत घुं कोणत्या बाजूने आलं ते मी तुम्हाला लिहिलं नाही. कडी मी चाचणीच्या दिवशी जशी बसवली तशीच आहे, वायर तेव्हापासून त्या कपाटात. बाईंनी बाण बघून वायर सुलट लावली, आणि घुं आलं. उलट लावली, आणि गेलं. म्हणजे बाण उलटाच बसला होता.

तर पायरीवरून उठून मी परत वर गेलो. चहा चालला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, जाळीसकट. डॉक्टर आधी हसायला लागले, मग थांबले. कपाटातून जुनी फाइल काढून त्यांनी तो कागद टेबलावर पसरला आणि आठव्या ओळीखाली नखाने रेघ ओढली. खालच्या बारा ओळींवरून दोनदा बोट फिरवलं.

"अठरा," ते म्हणाले. मग कागद माझ्याकडे सरकवला. नंतर म्हणाले, "आणि मी त्यांना कवळीवरून बोललो होतो."

"हो."

"तुम्हीही हसला होतात."

"सगळ्यांत आधी," मी म्हटलं.

मग नवीनांपैकी एकाने विचारलं, इतकी वर्षं का नाही सांगितलंत? दर वर्षी सांगणं आदल्या वर्षीपेक्षा अवघड होत गेलं एवढंच. म्हणून मी तुमच्याकडे यायचं बंद केलं आणि गावभर सांगितलं की दाजींनी अबोला धरलाय. तुम्ही कुठे अबोला धरला होतात? भाचीच्या वाढदिवसाला तुम्ही दोनदा बोलावणं पाठवलंत. मी दोन्ही वेळा ताप आल्याचं कळवलं.

कागदावर डॉक्टरांनी दुरुस्ती लिहून सही केली आहे, त्याखाली माझी कबुली आणि माझी सही. त्याची प्रत आणि वायर या पत्राबरोबर पाठवतोय. कडीला मी हात लावलेला नाही, ती उलटीच आहे. तुम्ही लावून बघा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणायला मला तोंडच उरलेलं नाही, पण तुमचे कान तुमच्यापाशी आहेत. अठ्ठावीस तारखेला अजून सात दिवस आहेत. जा असं सांगायचा अधिकार मला नाही. पंखा मात्र कुरकुरतोय, दाजी. फोनवर तो मलासुद्धा ऐकू आला.

मला माफ करा असं परत लिहिणार नाही, ते मी एकदा खोटं लिहून बसलोय. तुम्ही एकच प्रश्न विचारला होतात. त्याचं उत्तर परवाच्या पत्रात पहिल्या ओळीत द्यायला हवं होतं, खरं तर त्या दिवशी भर खोलीत. एवढी पानं भरली आणि ते शेवटाला उरलं.

हो, दाजी. पडलं होतं. तुम्ही बरोबर ऐकलंत.

बहिरोबा